परसात घोणस फिरतेय, घरात कुत्रा आणि मांजर. काय तयारी ठेवावी?

मागलंदार:
घर रत्नागिरी जिल्ह्यात. परसात जळाऊ लाकडांची रास, शेजारी चिऱ्यांचा ढीग. पाऊस लागल्यापासून तिथे घोणस दिसतेय. लॅब्रेडोर सगळीकडे नाक खुपसतो. चावलीच तर काय करायचं? कुत्र्यांचं अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, वेगळं असतं का?

गुरांचाडॉक्टर:
वेगळं नसतं, माणसांचंच वापरतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर ते एकच चालतं. डोस वजनावर ठरत नाही; समोर कुत्रा आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही. पावडरीची वायल १० मिली पाण्यात विरघळवून सलाइनमधून शिरेत हळूहळू देतात. रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रिनलिन हाताशी लागतं, म्हणून घरी टोचायच्या भानगडीत पडू नका.

आजच जवळच्या पशुवैद्यांना फोन करून वायल आहेत का ते विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी नसतात, आणि ऐन वेळी शोधाशोधीत तास जातो.

दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. गळ्यातला पट्टा आधी काढा, सूज मानेवर उतरली की तो रुततो. कुत्र्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. आवळून बांधणं, चिरा देणं, बर्फ लावणं, काही नको. घरातली वेदनाशामक गोळी तर अजिबात नको. घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं आणि अशा बऱ्याच गोळ्या रक्तस्रावात भरच घालतात. मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे सापाशिवायच विष.

साप दिसला नसेल तर डॉक्टरांना २० मिनिटांच्या चाचणीबद्दल विचारा. २ मिली ताजं रक्त कोरड्या काचेच्या नळीत न हलवता ठेवायचं. २० मिनिटांनी नळी तिरकी केल्यावर ओघळलं तर घोणस किंवा फुरशाचा संशय धरायचा. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसतो.

बिळाबाहेर:
घोणस उंदरांमागे येते आणि उंदीर कुत्र्याच्या उरलेल्या भातामागे. रात्री ताटली आत घ्या. लाकडं जमिनीपासून फूटभर उंच फळीवर रचा, भिंतीला टेकवू नका. चिरे हलवताना हातात काठी हवीच. मोरीच्या तोंडाला ६ मिमीची जाळी लावा, दाराखालची फटही बुजवा. घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, तीही पावसाच्या तोंडाशी आणि एका वेळी डझनांनी. पिल्लूही विषारीच. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार ऐकू आला तर कुत्र्याला मागे ओढा.

मागलंदार:
फिनाईल शिंपडलं तर? शेजारी नायलॉनची जाळी लावा म्हणतात.

बिळाबाहेर:
फिनाईल, गंधक, लसूण यांनी साप हटत नाही, उलट फिनाईल मांजराच्या पंजाला लागून चाटण्यात जातं. नायलॉनच्या जाळीत उंदीर खाणारी धामणच अडकून मरते. साप मारू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

गुरांचाडॉक्टर:
एक राहिलं. सूज उतरली म्हणून लगेच घरी आणू नका. घोणसाचं विष मूत्रपिंडाला धरतं. पुढचे दोन-तीन दिवस लघवीवर लक्ष ठेवा. लालसर, कॉफीसारखी झाली किंवा होईनाशी झाली तर त्याच दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारं) तपासून घ्या.