प्रतिसाद: मुलीलाच वेगळा नियम का?
पारशांसारख्या छोट्या समाजातल्या मुलींनी समाजाबाहेर लग्न केलं की समाज संपतो म्हणून नियम कडकच हवेत, असं तुम्ही म्हणताय. भीती खोटी नाहीये, पारशी २००१ च्या जनगणनेत ६९ हजारांच्या वर होते ते २०११ ला ५७ हजारांवर आले. पण मुलाला एक नियम आणि मुलीला दुसरा, हे मला अजिबात पटत नाही. १९०८ च्या मुंबई हायकोर्टाच्या निकालाच्या आधाराने पारशी बापाची मुलं पारशी धरतात, आई परकी असली तरी, आणि पारशी आईची मात्र बहुतेक ठिकाणी धरत नाहीत.

गुलरुख गुप्ता या पारशी बाईंचंच बघा ना, परधर्मीयाशी स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न केलं, धर्म बदलला नाही (तो कायदा मुळात धर्म न बदलता लग्न करता यावं यासाठीच आहे), तरी गुजरात हायकोर्टाने २०१२ मध्ये म्हटलं की लग्नानंतर बाई नवऱ्याच्या धर्माची मानली जाते. आईवडिलांच्या अंत्यविधीला जाता यावं म्हणून त्यांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, तेव्हा कुठे डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडचा अंजुमन ट्रस्ट (तिथल्या पारशी समाजाची संस्था) परवानगी द्यायला तयार झाला. स्वतःच्या आईवडिलांसाठी हो, किती वाईट आहे हे!

आणि संख्या फक्त बाहेरच्या लग्नांमुळे घटत नाही, उशिरा लग्नं, लग्नच न करणं, कमी मुलं ही कारणं मोठी आहेत, पारशांची संख्या वाढावी म्हणून २०१३ ची सरकारी जियो पारसी योजना त्यासाठीच आणली. मग ज्या आईला आपली मुलं अग्यारीत (पारशांच्या अग्निमंदिरात) न्यायचीच आहेत तिला दारात अडवून संख्या कशी वाढणार?