पहिला कथासंग्रह निघाला. आता तो वाचकांपर्यंत न्यावा कसा?

अंबाजोगाईची शिक्षिका:
माझा पहिला कथासंग्रह गेल्या दिवाळीत लातूरच्या एका छोट्या प्रकाशनाने काढला. प्रकाशक मनापासून काम करतात, परंतु त्यांच्याकडे विक्रीसाठी फिरणारा माणूस नाही आणि पुण्या-मुंबईच्या दुकानांना द्यावी लागणारी सवलत व उधारी त्यांना झेपत नाही. प्रसिद्धीचा भार त्यामुळे माझ्यावरच येतो. आपल्या पुस्तकाविषयी आपणच बोलत राहण्याचा मला संकोच वाटतो. पण न बोलावे, तर गठ्ठे प्रकाशकांच्या माडीवर पडून राहतात. बीड-लातूरकडच्या लेखकाने आब राखून काय करावे?

नांदेडचा लघुप्रकाशक:
ताई, स्तुती आणि माहिती यांत फरक आहे. ‘माझे पुस्तक उत्कृष्ट आहे’ हे इतरांनी म्हणावे. ‘या कथा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींच्या आहेत, किंमत इतकी आहे आणि पुस्तक येथे मिळेल’ हे लेखकानेच सांगितले पाहिजे, कारण ते दुसरे कोणी सांगणार नाही.

सभागृह, हार-शाली, पाहुण्यांचा प्रवास आणि जेवण यांवर आपल्याकडे जो खर्च होतो, त्यात शंभरेक प्रती योग्य माणसांच्या हाती पोहोचल्या असत्या, असे माझे ठाम मत आहे. प्रकाशन समारंभात पुस्तक घेणारे बहुतेक आप्तच असतात आणि त्यांनी ते एरवीही घेतले असते. प्रती पाठवायच्या तर १ मे २०२५ पासून टपाल खात्याची पुस्तकांसाठीची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा सुरू झाली असून तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा ठरला. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव असावे लागते आणि जाहिराती असलेले साहित्य चालत नाही, म्हणून पाकिटात पत्रके घालू नका.

व्हॉट्सअ‍ॅपबाबत इतकेच, की ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश जातो. ही मर्यादा मला उपकारक वाटते; अनोळखी गटांत मुखपृष्ठाचे चित्र रोज टाकण्यापेक्षा ओळखीच्या वाचकांना एका कथेतला उतारा एकदाच पाठवावा.

ग्रंथपाल, परभणी जिल्हा:
वरील सल्ल्यात सार्वजनिक ग्रंथालये राहून गेली, म्हणून लिहिते. १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली ‘अ’ ते ‘ड’ वर्गांची ग्रंथालये तालुक्याच्या गावापासून लहान खेड्यांपर्यंत पसरलेली आहेत आणि मराठवाड्यातल्या नव्या लेखकाचा खरा वाचक पुष्कळदा तेथेच भेटतो. मात्र आमची खरेदी बहुधा अनुदानाचा हप्ता हाती आल्यावर होते. त्याआधी आलेला लेखक रिकाम्या हाताने परततो आणि आम्हालाही वाईट वाटते. प्रकाशकांना ग्रंथालय संचालनालयाकडे पुस्तक पाठवून ग्रंथालयांसाठीच्या पुस्तकांच्या शासनमान्य यादीत येण्याचा प्रयत्न करायला सांगा. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात टेबल मिळते का, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे विचारावे. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनाचा स्वतंत्र विभाग असल्याने प्रवेशिकेची मुदतही चुकवू नये.

ग्रंथालयात आलात तर भाषण नको. एक कथा वाचा आणि नंतर बसून बोला. आमच्या वाचक भगिनींना तेच आवडते.

समीक्षा लिहिणारा, छत्रपती संभाजीनगर:
नांदेडच्या मित्रांशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. गावात पुस्तकाचा कार्यक्रम होणे हे निव्वळ उधळपट्टी नव्हे. २०२० साली उस्मानाबादला आणि २०२२ साली उदगीरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, तेव्हा एरवी पुस्तकांच्या दुकानापर्यंत न पोहोचणारी माणसे ग्रंथदालनात आली. माणसे पुस्तकाजवळ येण्यासाठी निमित्त लागते. शाली वगळून ते साधता येईल.

परीक्षणाविषयी एक विनंती. मराठवाडा साहित्य परिषदेचे ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक असो वा वृत्तपत्राची पुरवणी, तेथे कोणत्या प्रकारचे लेखन छापले जाते हे आधी पाहून, ज्याला विषयात रस आहे अशा परीक्षकाला चार ओळींच्या पत्रासह प्रत पाठवावी. एकदा आठवण करावी, पण ‘चांगले लिहा’ असे सुचवू नये. प्रतिकूल परीक्षणही प्रकाशकाने सर्वांना वाचू द्यावे. केवळ कौतुकाची कात्रणे फिरवणाऱ्या प्रकाशनाच्या पुढच्या पुस्तकावर वाचक विश्वास ठेवत नाही.

अंबाजोगाईची शिक्षिका:
सर्वांची आभारी आहे. संचालनालयाच्या यादीविषयी प्रकाशकांशी आजच बोलते. ग्रंथपालताई, तुमच्याकडे कथावाचनाला यायचे असेल तर वाचकांना सोयीचा वार कोणता?

ग्रंथपाल, परभणी जिल्हा:
रविवारी सकाळी या. बाजाराचा दिवस टाळा आणि विक्रीच्या प्रती सोबत असू द्या.