मदत हवी आहे: स्पॅनिश 'तेनेर'चा (जवळ असणे) भूतकाळ, 'तुबे' की 'तेनीआ'?

डेले ए२ या स्पॅनिशच्या परीक्षेची तयारी करतेय. पुण्यात शनिवार-रविवारचा क्लास आहे, आठवडाभर नोकरी, त्यामुळे शंका इथेच विचारते.

घडून संपलेल्या गोष्टीच्या भूतकाळाची रूपं पाठ आहेत: तुबे, तुबिस्ते, तुबो, तुबिमोस, तुबिस्तेइस, तुबिएरोन. 'एस्तार'चं (असणे) एस्तुबे त्याच चालीवर जातं, तेही बसलंय. पार्श्वभूमी सांगणाऱ्या भूतकाळाचं 'तेनीआ' तर नियमितच. त्यामुळे तक्ते कृपया नकोत, अडचण वापराची आहे.

'तेनेर के' (करावं लागणे) कळलं. 'तुबे के इर' म्हणजे जावं लागलं आणि गेले. 'तेनीआ के इर' म्हणजे जायचं होतं, गेले की नाही ते त्यातून कळत नाही. मराठीत हा फरक आपोआप होतो, म्हणून हे चटकन डोक्यात शिरलं. वयाला 'तेनीआ' हेही पक्कं.

गाडी अडते ती साध्या 'होतं'पाशी. 'काल खूप काम होतं म्हणून आले नाही' यात 'आयेर' (काल) आहे, म्हणजे काळ संपलेला, म्हणून 'तुबे' हवं. पण काम ही न येण्यामागची पार्श्वभूमी, म्हणून 'तेनीआ' हवं. दोन्ही नियम पुस्तकातलेच! अ‍ॅपवर सराव केला, पण तिथे बरोबर-चूक कळतं, कारण कळत नाही.

परीक्षेत ईमेल लिहावा लागतो, त्यामुळे मला स्पेनमधला वापर हवाय, लॅटिन अमेरिकेतला वेगळा असेल तर तो सध्या बाजूला ठेवू.

वरच्या वाक्यात दोन्ही रूपं चालतात का, आणि चालत असतील तर ऐकणाऱ्याला अर्थात नेमका काय फरक जाणवतो?