पत्र्यात पानं कोरली की झाला निसर्ग?

दिवाडकर: परवा इथं ग्रुपवर एकाने पणजीतल्या कपड्यांच्या दुकानाचे फोटो टाकले. 'निसर्गातून सुचलेला दर्शनी भाग, सगळं काम सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर).' वाहवा करणाऱ्यांची रांग लागली. आज बाजारात गेलो तेव्हा मुद्दाम थांबून बघितलं. एसीपीच्या पत्र्यात (दोन्हीकडे ॲल्युमिनियम, मध्ये प्लास्टिक) मॉन्स्टेरा या शोभेच्या वेलीची पानं, मागे हिरवी एलईडी पट्टी, आणि बाजूला व्होरोनॉयची, म्हणजे वेड्यावाकड्या बहुकोनांची, ती जाळी, जी हल्ली दातांच्या दवाखान्यापासून बेकरीपर्यंत सगळीकडे असते. तोंड पश्चिमेला आणि वर वीतभर छप्पर नाही. जूनमध्ये पाऊस आडवा येतो तेव्हा गिऱ्हाइकाने उभं कुठे राहायचं? आमच्या आजोबांच्या पसऱ्याला, म्हणजे दुकानाला, उतरत्या कौलांची पडवी होती, खिडक्यांना शिंपले. उजेड आत यायचा, ऊन बाहेर राहायचं. हरारेच्या ईस्टगेट इमारतीने (१९९६) वारुळाकडून हवा खेळवायची युक्ती घेतली, वारुळाचं चित्र नाही चिकटवलं भिंतीला.

राउटरवाला: फोटो मीच टाकले होते, 'एकाने' कशाला? शिंपल्यांच्या खिडक्या हव्यात तर एकेक शिंपला लाकडी पट्टीत बसवणारा मेस्त (सुतार) आणून दाखवा, तोही चवथीआधी काम संपवणारा. मालकाला चवथीआधी उद्घाटन हवं होतं. आठ बाय चारच्या शीटा रात्रभर मशीनवर, तीन दिवसांत फिटिंग. आणि छप्पर रस्त्यावर काढलं की परवानगीचा घोळ कोण निस्तरणार, तुम्ही?

चिमटा: मॉन्स्टेरा मुळात मेक्सिकोकडचं. आपलं इथलं माट्टीचं झाड, त्याचं एक पान सुचलं नाही?

फेणीप्रेमी: काजू तरी कुठला? ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली काजू फेणी आता परत पाठवायची का?

चिमटा: काजू शेकडो वर्षांत रुजला. मॉन्स्टेरा फक्त इन्स्टाग्रामवर रुजलाय.

माटोळी: देवळासमोरचा खुरचाफासुद्धा अमेरिकेकडचाच. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. यंदा दाराला काय बांधणार, माट्टीची साल?

चिमटा: झाडाचं बोलत होतो, तुम्ही देवळात शिरलात. मुद्दा संपला की देव आठवतो लोकांना.

माटोळी: तोंड सांभाळा. मुद्दा तुमचाच होता, तो सोसवला नाही तर आम्ही काय करू?

फेणीप्रेमी: मिरचीपण तिकडचीच. उद्यापासून हुमण (माशांची आमटी) मिरी घालून करा.

सुतारपक्षी: कुठे चाललाय धागा? वडील मेस्त, मी राउटर (कोरायचं मशीन) चालवतो, म्हणून दोन्हीकडच्या शिव्या मलाच. म्हापशाला मेव्हण्याच्या दुकानाला मी एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीत) केवड्याची पानं कापून लावली होती. रंगाचे तीन हात दिले आणि मृगाच्या पहिल्या पावसात कडा सान्नांसारख्या (आपल्या इडल्यांसारख्या) फुगल्या. मशीनचा दोष नव्हता. एमडीएफची कापलेली कड पाणी ओढते, ती मी सील केली नव्हती. दुसऱ्यांदा फणसाच्या लाकडात केलं. ६ मिमीचं बिट (मशीनचं फिरतं पातं) आतला कोपरा ३ मिमीच्या गोलाईने सोडतं, पान बोथट दिसत होतं. वडील काही न बोलता पटाशी घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत एकेक कोपरा काढून दिला आणि उठताना म्हणाले, 'यंत्राक कोनसो कळना.' मेव्हण्याने दुसऱ्या खेपेचे पैसे अजून दिलेले नाहीत, तो वेगळा विषय.

राउटरवाला: म्हणूनच मी एसीपी घेतला. फुगत नाही.

दिवाडकर: फुगत नाही, पेटतो. पॉलिथिलिनचा गाभा असलेला तसलाच पत्रा लंडनच्या ग्रेनफेल टॉवरवर होता. २०१७ साली ७२ माणसं गेली. तुमच्या एलईडीचा अडॅप्टर त्याच पत्र्यामागे कोंबलाय, वायर लोंबतेय, मी डोळ्यांनी बघितलंय.

राउटरवाला: एका गाळ्याची तुलना चोवीस मजली इमारतीशी! धन्य आहात. बरं, अडॅप्टर बाहेर काढून डब्यात घालतो. छपराचं मालकाला विचारीन, खर्च आजोबांच्या पसऱ्यातून देणार असाल तर.

दिवाडकर: पसरा कधीच विकला. अडॅप्टर उद्याच काढा.

सुतारपक्षी: पानांचे कोपरे मी पटाशीने काढून दिले असते, पण पत्र्यावर पटाशी चालत नाही.

फेणीप्रेमी: अननसाचं कुणी काढलंच नाही अजून.