जामीनदाराची सुटका कलम १३३ मध्ये आहे
खजिनदाराने पैशांचा अपहार केला, तर त्याची हमी घेतलेल्या जामीनदाराकडून वसुली कधी करता येते, हा इथला प्रश्न. 'आधी खजिनदाराची मालमत्ता विकायची, कमी पडलं तरच जामीनदाराला धरायचं' असं यावर म्हटलं जातं, ते कायद्याला धरून नाही. करार कायदा, १८७२ चं कलम १२८ बघा. बाँडमध्ये (जामीनपत्रात) वेगळं लिहिलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच, म्हणजे इथे खजिनदाराइतकीच. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच हे स्पष्ट केलंय.

जामीनदाराचं खरं हत्यार याच कायद्याचं कलम १३३: त्याच्या संमतीशिवाय मूळ करारात बदल केला, तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. त्याखालचं एक उदाहरण नेमकं आपल्या विषयाचं आहे. पदाची कर्तव्यं एका कायद्याने ठरलेली, पुढे दुसऱ्या कायद्याने पदाचं स्वरूपच बदललं, आणि नंतर त्या माणसाने गैरवर्तन केलं. जामीनदार सुटतो, गैरवर्तन न बदललेल्या कामातलं असलं तरी! (मला हे जरा जास्तच उदार वाटतं, पण आहे खरं.) मात्र बदलाआधीचा अपहार त्याच्या गळ्यातच राहतो.

त्यामुळे नोटीस आली की आधी तारखा लावा: बाँड कधीचा, बदल कधीचा, पैसे कधी गेले. आणि बदलाला आगाऊ संमती देणारी ओळ बाँडमध्ये आहे का, तेही बघा.