शब्दचर्चा: जुनं चिलखत गंजलेलं, जीर्ण की खिळखिळं?

– आमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्ट रचत, पात्रं घेऊन खेळायचा खेळ मराठीतून खेळतो. पुढच्या खेळात थडग्यात शे-दोनशे वर्षांचं पोलादी चिलखत सापडणार आहे. मी ‘जीर्ण’ लिहिलंय. चालेल का?

– ‘जीर्ण’ पोथीला, वस्त्राला, देवळाला शोभतं. चिलखताला एकच शब्द पुरणार नाही, कारण ते एका वस्तूचं नसतंच. पत्रा गंजतो. पत्रे अंगावर धरून ठेवणारे चामडी पट्टे ओलीत कुजतात, कोरड्यात कडक होऊन तडकतात. आतला जाड अंगरखा कसर खाते, मग तो विरतो. बहुतेकदा पत्रा शाबूत असतो आणि पट्टे आधी जातात. असं चिलखत चढवताच येत नाही. कड्यांच्या चिलखताचं आणखी वेगळं. तार बारीक आणि हवा चहूबाजूंनी, म्हणून गंज लवकर चढतो. युरोपात अशी चिलखतं वाळू भरलेल्या पिंपात घालून लोळवत. गंज निघे, पण कड्याही थोड्या झिजत. म्हणून ‘झिजलेलं’ हा शब्द वापरलेल्या, निगा राखलेल्या चिलखतासाठी ठेवा, थडग्यातल्यासाठी नको.

– नियमांचंही बघा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014च्या नियमांत रस्ट मॉन्स्टर या लोखंड गंजवणाऱ्या राक्षसी प्राण्याचा स्पर्श झाला की जादू नसलेल्या लोखंडी चिलखताचा आर्मर क्लास, म्हणजे संरक्षणाचा आकडा, कायमचा 1ने घटतो. 10वर आला की चिलखत संपलं. 18चं प्लेट, म्हणजे अंगभर पत्र्यांचं चिलखत, आठ स्पर्शांत जातं. तिथे ‘गंजलं’ चपखल. पण ब्लॅक पुडिंग या काळ्या, लिबलिबीत राक्षसाचं आम्ल चामड्यालाही सोडत नाही, तिथे ‘गंजलं’ साफ चूक. ‘आम्लानं खाल्लं’ म्हणा. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत ‘ब्रोकन’ चिलखताचं संरक्षण निम्मं होतं आणि हालचालीतला अडथळा दुप्पट. त्याला मला ‘मोडकं’पेक्षा ‘खिळखिळं’ आवडतं: अजून अंगावर आहे, पण राखतं कमी आणि नडतं जास्त.

– पटलं. आता असं लिहितो: ‘पत्र्यावर गंज चढलाय, पण तो पोखरलेला नाही. पट्टे कुजलेत. अस्तराला हात लावताच ते विरून बोटांना चिकटतं.’ म्हणजे आर्मर क्लास 1ने कमी, आणि नवे पट्टे बसवेपर्यंत चढवायचं नाही.

– उत्तम. फक्त पट्ट्यांचं वाक्य आधी घ्या, खेळाडू चिलखत उचलायला जातील तेव्हा पहिल्यांदा तेच तुटतील.