‘घोरपडे’, ‘हिंदुराव’, ‘ममलकतमदार’ : आडनाव कुठे संपतं, किताब कुठे सुरू होतो?

शंकासुर : जुन्या कागदांत ‘हिंदुराव घोरपडे’, ‘ममलकतमदार घोरपडे’, ‘अमीर-उल-उमराव घोरपडे’ असं येतं. ही नावं म्हणायची, आडनावं की आणखी काही? आणि हे सगळे घोरपडे एकाच घरचे का?

मोडीवाला : तिन्ही किताब आहेत, राजाराम महाराजांच्या काळचे. सरसेनापती म्हाळोजी घोरपडे १६८९ साली संगमेश्वरला पडले. त्यांचे मुलगे संताजी, बहिर्जी, मालोजी. संताजींना ममलकतमदार, बहिर्जींना हिंदुराव, मालोजींना अमीर-उल-उमराव. ‘ममलकत’ म्हणजे राज्य, ‘मदार’ म्हणजे आधार. ‘सगळी मदार त्याच्यावर’ म्हणतो तोच हा मदार.

किताब वंशात चालत आले, त्यामुळे नुसतं ‘हिंदुराव घोरपडे’ वाचून माणूस ठरत नाही. आधी कागदाचा सन, मग गाव, मग बापाचं नाव बघायचं. एवढं जुळलं तरच वंशावळीत टाकायचं. इथेच घोळ होतो: आजोबा आणि नातू दोघे ‘हिंदुराव’, आणि वंशावळीत एकच माणूस शंभर वर्षं जगतो!

चिकोत्राकाठ : ढोबळ वाटणी अशी. कागल तालुक्यातली कापशी संताजींच्या घराची, म्हणून गावाचं नावच सेनापती कापशी. आजच्या कर्नाटक-आंध्रातल्या गजेंद्रगड, गुत्ती, संडूर या बाजूला बहिर्जींचा वंश. गुत्तीचे मुरारराव याच घरचे, म्हैसूरच्या हैदरअलीने १७७६ मध्ये ज्यांच्याकडून गुत्ती घेतली ते. पण किताबावरून शाखा ओळखायचा नियम संडूरला अडतो. तिथले राजे हिंदुराव, ममलकतमदार आणि सेनापती ही तिन्ही बिरुदं लावत.

शंकासुर : आणि मुधोळकर? शहाजीराजांना पकडणारे बाजी घोरपडे?

मोडीवाला : ते वेगळं घर. जिंजीजवळ १६४८ साली शहाजीराजांना धरलं ते मुधोळचे बाजी. कापशी आणि मुधोळ ही दोन्ही घराणी स्वतःला मूळ भोसले म्हणवतात, म्हणून कुळाच्या याद्यांत घोरपडे भोसल्यांखाली सापडतात. ‘कूळ भोसले, आडनाव घोरपडे’ असं दोन रकान्यांत लिहिलेलं असतं. एकच रकाना उतरवून घेतला की घराणं हरवतं.

आडनावाची कथा सगळ्यांना पाठ आहे: घोरपडीला दोर बांधून गड चढले. मुधोळकरांकडच्या १४७१ च्या बहामनी फर्मानात ती खेळणा किल्ल्याशी, म्हणजे विशाळगडाशी जोडली आहे. मात्र मुधोळच्या या फर्मानांच्या अस्सलपणावर इतिहासकारांत वाद आहे, तेव्हा व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. ‘घोरपड’वरून ‘घोरपडे’ हे व्याकरणाला धरून आहे, इतकंच निर्धास्त म्हणता येतं. दोराची गोष्ट त्यानं सिद्ध होत नाही.

पाटरस्ता : इचलकरंजीकर विसरलात. ते मुळात म्हापणचे जोशी, कोकणस्थ ब्राह्मण. नारो महादेव संताजींच्या पदरी होते. धन्याप्रती निष्ठा म्हणून घोरपडे आडनाव लावलं. त्यांचे चिरंजीव व्यंकटराव हे बाळाजी विश्वनाथांचे जावई, अनूबाईंचे यजमान. म्हणजे आडनाव एक, कूळ भलतंच. सोयरीक बघताना नुसत्या आडनावावर जाऊ नका, कूळ आणि देवक विचारा.

चिकोत्राकाठ : ‘हिंदुराव’ची मक्तेदारीही घोरपड्यांची नाही. दिल्लीतलं हिंदुराव रुग्णालय ज्यांच्या नावानं आहे ते घाटगे, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. त्यांना घोरपडे करून मोकळे होऊ नये.

शंकासुर : हिंदुराव की हिंदूराव?

मोडीवाला : मोडीत ऱ्हस्व-दीर्घ उकार सहसा एकाच खुणेनं लिहितात, कागदावरून निवाडा लागायचा नाही. छापताना ‘हिंदुराव’ ठेवा. सूचीत शोधताना मात्र दोन्ही घालून बघा, नाहीतर निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत. ‘अमीरुल उमराव’, ‘अमीर उल उमराव’ यांचंही तसंच.